राखेचा वास

६ जानेवारी

नवी वही. पहिल्या पानावर माझ्या हातांनी केलेल्या वस्तू लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी ‘तुम्ही काय केलंत’ म्हणायला नको.

घराचा जिना, तेरा पायऱ्या, प्रत्येक पायरी एकशे सत्तर मिलिमीटर, कुठेही केसाचा फरक नाही. मुलीचं अभ्यासाचं टेबल, एकही खिळा न वापरता. हिच्या शिलाई मशीनचा मोडलेला पाय. गिरणीतल्या कोळशाच्या पट्ट्याचे सत्तावीस रूळ. बॉयलरची राख बाहेर ओढणारा मळसूत्री दांडा. भोंग्याची झडप, चौदा वर्षांत एकदाही न अडकलेली. एक व्हायोलिन. ते वाजत नाही, पण मापाला बरोबर आहे.

शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली. पुढचं सगळं पुस्तकं उसनी आणून आणि हात भाजून घेऊन शिकलो.

आज हे लिहायचं कारण म्हणजे तपासनीस बाई येऊन गेल्या. आमची पुठ्ठ्याची गिरणी. बॉयलर कोळशावर, त्याच्या वाफेवर पुठ्ठा वाळतो. बाईंनी चिमणीत नळी घालून धूर मोजला. नायट्रोजनची ऑक्साइडं पाचशे वीस, नवी हद्द तीनशे. एप्रिलअखेर हद्दीत आणा, नाही तर बॉयलरला सील. बॉयलर बंद म्हणजे वाफ बंद, वाफ बंद म्हणजे एकशे बारा माणसं घरी. त्यातला एक मी, आणि या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार, हेही खरंच.

दुपारी यंत्रसामग्रीच्या कंपनीचा माणूस आला. आमच्यात त्याला टायवाला म्हणतात. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मालक खुर्चीत खाली सरकले. तो गेल्यावर मी म्हणालो, “मी करतो.”

“करता म्हणजे?”

“म्हणजे करतो.”

९ जानेवारी

तीन पुस्तकं वाचून काढली. गोष्ट तशी साधी आहे, पुस्तकवाल्यांनी अवघड करून ठेवली आहे. आग फार तापली की कोळशातला नायट्रोजन जळतोच, हवेतलाही जळायला लागतो. त्याचीच ही ऑक्साइडं. पण याच गरम धुरात युरियाचं पाणी बारीक फवारलं, तर युरियातून अमोनिया सुटतो, ऑक्साइडला जाऊन भिडतो, आणि दोघांचा मिळून निव्वळ नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. म्हणजे जी हवा आपण श्वासात घेतो तीच. शेतात घालतात तोच पांढरा दाणा. मला तर हे फार देखणं वाटलं.

अट एकच. फवारा पडतो तिथे धूर नऊशे ते हजार अंशांच्या आसपास हवा. त्याहून फार तापलेला असला तर युरिया स्वतःच जळून ऑक्साइडं वाढवतो. थंड असला तर अमोनिया काम न करता तसाच निसटतो. अधोरेखित करून ठेवलं आहे.

ओट्याशेजारी बसून फवाऱ्याचं चित्र काढत होतो, तेवढ्यात ही बाहेरून आली आणि धावत गॅसकडे गेली. दूध करपून कोळसा झालं होतं. शेजारी बसून कळलं नाही का, म्हणाली. कामात होतो, म्हणालो. माणूस कामात असला की असा असतो. ही माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि मग तिने खिडक्या उघडल्या.

१७ जानेवारी

तिसरा फवारा जमला. पहिला लाळ गाळत होता, दुसरा एका कुशीला थुंकत होता. तिसऱ्याला स्टेनलेसच्या नळीत नळी, आतून युरियाचं पाणी, बाहेरून दाबाची हवा, तोंडाशी सव्वा मिलिमीटरची सहा भोकं. अंगणात चालवून पाहिला. धुक्यासारखा फवारा. हातावर ओल कळते, थेंब दिसत नाही.

एक मजा कळली. युरिया पाण्यात विरघळताना पाणी गार पडतं. तीन भाग युरिया, सात भाग पाणी. चोवीस अंशांवरून आठवर आलं. पिंपाला बाहेरून घाम फुटला. भट्टीवाल्या अण्णांनी लगेच आपली पाण्याची बाटली पिंपात सोडली. म्हणाले, तुझं यंत्र चालो न चालो, माझी सोय झाली. अण्णा तीस वर्षं त्या आगीसमोर उभे आहेत. त्यांना कशाचंच नवल नाही.

२८ जानेवारी

झालं.

बॉयलरच्या वरच्या मजल्यावर आत डोकवायची दोन भोकं आहेत. तिथे तापमान मोजलं, नऊशे चाळीस. फवारे तिथेच बसवले. भिंतीवर खडूने ठळक ‘९४०’ लिहून ठेवलं. दहा चाळीसला झडप उघडली. मीटरवर पाचशे वीस, चारशे दहा, तीनशे पस्तीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी. ताशी चोवीस लिटर. मालकांनी मीटरला टिचकी मारून पाहिली, आकडा हलला नाही. माझा हात हातात घेतला आणि सोडायचं विसरले.

अण्णा म्हणाले, “बाटली काढू ना पिंपातून?”

१९ फेब्रुवारी

दोन नंबरच्या मशीनचा वाळवणीचा मोठा रूळ गेला. नवा यायला अडीच महिने. तोवर अर्धीच वाफ लागणार, म्हणून बॉयलरही अर्ध्यावर.

आणि बघतो तर ऑक्साइडं तीनशे नव्वदवर. युरिया वाढवला. तीस लिटर, अडतीस लिटर, पंचेचाळीस. तेव्हा कुठे दोनशे ब्याण्णव झालं. धुराची भूक वाढली म्हणायची. हद्दीत आहे, तेवढं पुरे.

अण्णांचं डोकं कधी कधी उगाच चालतं. म्हणाले, आग निम्मी केली, तर वरच्या मजल्यावर ऊब तेवढीच कशी राहील? मी त्यांना भिंत दाखवली. मी एकदा मोजलं की मोजलं.

२५ फेब्रुवारी

एक नोंद, आत्मस्तुती म्हणून नव्हे. गिरणीच्या बसमध्ये आठवडाभर माझ्या शेजारची जागा कोणी घेत नाही. लोक उभे राहतात, पण बसत नाहीत. शेजारच्या खिडकीतला उठून मागे गेला. पूर्वी कोपरं खुपसून बसायचे. काम बोललं की माणसाला मान मिळतो, तो मागावा लागत नाही.

हिने आता नवंच काढलंय. घरी आल्यावर कपडे दाराबाहेरच्या बादलीत काढायचे, आणि साबण दोनदा. कोळशाची धूळ तीस वर्षं घरात येतेच आहे, ती हिला आज दिसली.

४ मार्च

मेहुणे आले होते. हिचे धाकटे भाऊ. त्यांचा विटांचा कारखाना आहे आणि आमच्या बॉयलरची राख तेच नेतात. राख, चुना, थोडं सिमेंट, पाणी, की झाली वीट. माणूस भला, पण बोलणं असं की गावाला वळसा घालून दारात येणार. चहा झाला, हवापाणी झालं, मुलांच्या परीक्षा झाल्या. मग म्हणाले, “दाजी, बॉयलरमध्ये सफाईला वगैरे काही नवीन औषध टाकता का हल्ली?”

नाही म्हणालो. बरं बरं, म्हणाले. सहज विचारलं. हल्ली कालवणी केली की माणसांच्या डोळ्यांना पाणी येतं. चुना बदलून पाहिला, म्हणाले. मी म्हणालो, सिमेंटही बदलून पाहा. तेही पाहिलं, म्हणाले, आणि बहिणीकडे बघितलं. बहीण चहाच्या कपात बघत होती.

बायकोच्या भावाला बहिणीच्या नवऱ्याचं यश पचायला वेळ लागतो. मी मनाला लावून घेत नाही.

१२ मार्च

मेहुण्यांची गाडी आठ दिवस आलेली नाही. राखेचा ढीग पत्र्याच्या शेडबाहेर आला. मालकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, पाहुण्यांच्या पोटात दुखतंय. मालक काहीतरी बोलणार होते. रुमालाने नाक पुसलं आणि गेले. त्यांना सर्दी दिसते. अण्णांनाही आहे, कालपासून तोंडाला पंचा बांधून कोळसा ओढतात.

मीटरवर दोनशे नव्वद.

१५ मार्च

हे लिहायला दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं.

संध्याकाळी ही समोर येऊन बसली. स्वयंपाक न करता बसली, तेव्हाच समजायला हवं होतं. भाऊ तिच्याकडे रडकुंडीला आला होता म्हणे. त्याच्या विटांनी एका माणसाने घरात खोली बांधली. भिंतींवर पाणी मारलं की त्या खोलीला मुतारीचा वास येतो, आणि तो माणूस रोज फोन करतो. ढिगावर मांजरंही फिरकत नाहीत. बसमधले लोक नाक दाबून बसतात. माझे शर्ट ती तीन आठवडे वेगळे धुते आहे.

मी म्हणालो, मला तर काही जाणवत नाही.

“तुम्हाला वासच येत नाही,” ती म्हणाली. “चार वर्षं झाली. त्या मोठ्या तापानंतरचं आहे हे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला? तुम्हाला कुणी काही सांगू शकतं?”

मग म्हणाली की जमेल तसं सांभाळलं. दूध मीच बघायचे. गॅसचा वास मीच बघायचे. तुम्ही एकटे असलात की शेजारच्या वहिनींना सांगून जायचे.

मी दाराबाहेरच्या बादलीशी गेलो. शर्ट हुंगून पाहिला. शर्टासारखा शर्ट.

१६ मार्च

ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या बाबतीतही नाही. पाच सारख्या बाटल्या घेतल्या. साधं पाणी, व्हिनेगर, रॉकेल, हिचं गुलाबपाणी, आणि काच पुसायचं अमोनियाचं पाणी. हिने माझ्यामागे त्या हलवाहलव करून मांडल्या. मी डोळे मिटून एकेक हुंगली आणि कागदावर उत्तरं लिहिली.

पाचपैकी एक बरोबर. तेही साधं पाणी.

अमोनियाच्या पाण्याने नाकात जरा टोचल्यासारखं झालं, त्याला मी गुलाबपाणी लिहिलं होतं. ही हसायला लागली, थांबेना. शेवटी मलाही हसू आलं. पण लिहिताना आता येत नाही. ज्या धुरातून अमोनिया निसटत होता, त्या धुराखाली मी महिनाभर छाती काढून उभा होतो, आणि मीटर फक्त ऑक्साइडं मोजतो. अमोनिया मोजायला माझ्याजवळ एकच यंत्र होतं, आणि ते चार वर्षं बंद.

१७ मार्च

सकाळी पहिलं काम म्हणजे वरच्या मजल्यावर तापमान पुन्हा मोजणं. सातशे नव्वद.

नऊशे चाळीस पूर्ण आगीचं होतं. आग निम्मी झाली, धूर वर येईतो गार पडू लागला, फवाऱ्याचं काम होईना. मी मात्र युरिया ओतत राहिलो आणि त्यातला अमोनिया तसाच राखेत जाऊन बसला. तिकडे मेहुण्यांनी त्यात चुना आणि पाणी घातलं की अमोनिया मोकळा सुटायचा. माझ्याच वहीत नऊ जानेवारीला हे अधोरेखित आहे.

खडूचा आकडा ओल्या फडक्याने पुसला. अण्णांना म्हणालो की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, कशाबद्दल? खरंच विसरले होते, की विसरल्याचं दाखवलं, कळलं नाही. पंचा मात्र तोंडावरून काढला नाही.

मालकांनाही सांगितलं. वाटलं होतं, आता टायवाल्याला बोलावतील. त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? दहा, म्हणालो. मग नाक पुसून म्हणाले, “लवकर करा, मला झालीय ती सर्दी नाहीये.”

२३ मार्च

गिरणीची सुट्टी. बॉयलर दोन दिवस थंड केला होता. आगीच्या वरच्या बाजूला, जिथे भिंत नुसत्या भट्टीच्या विटेची आहे आणि पाण्याचे पाइप नाहीत, तिथे समोरासमोर दोन भोकं पाडली. वीट तीनशे मिलिमीटर जाड. तडा गेला असता तर अख्खा भाग उतरवावा लागला असता आणि एप्रिल त्यातच गेला असता. छिन्नी हातोडी बाजूला ठेवली, पाण्याखाली सावकाश ड्रिल चालवलं, सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत. अण्णा सुट्टी असून आले आणि पाणी सोडत उभे राहिले. तडा एकही नाही.

आता फवाऱ्यांच्या दोन रांगा झाल्या. आग पूर्ण असली की वरची, निम्मी असली की खालची. रोज तीन वेळा तापमान मोजायचं आणि भिंतीवर नव्हे, पाटीवर लिहायचं.

२५ मार्च

खालच्या भोकाशी नऊशे पासष्ट. ताशी फक्त तेरा लिटर. ऑक्साइडं दोनशे एकाहत्तर. पंचेचाळीस लिटरला जे जमत नव्हतं ते तेरात झालं.

पण अमोनिया? मोजायचं यंत्र टायवाल्याच्या कंपनीकडे आहे आणि ते चिमणीपेक्षा उंच किमतीचं आहे. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, मला आता घरच्या साबणालाही तोच वास येतो, माझ्यावर जाऊ नकोस.

हिला विचारलं. हातातलं काम ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी तिथे येऊन राख हुंगायची?”

तसंच, म्हणालो.

“लग्नात हे बोलला नव्हतात.”

२७ मार्च

ही बॉयलरघरात आली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण इथे पहिल्यांदाच. साडी वर खोचून, चष्मा लावून, सगळं बघितलं. माझे फवारे बघून म्हणाली, एवढेसे? अण्णांनी तिला बसायला आपली पेटी दिली. मला ती पेटी त्यांनी कधी दिली नाही.

पद्धत अशी ठरवली. झाकणाची बाटली, दोन चमचे राख, अर्धा चमचा चुना, चार चमचे कोमट पाणी. झाकण लावून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, झाकण उघडून एकदाच हुंगायचं. नोंदीला आकडे हवेत म्हणून मी शून्य ते पाच मोजपट्टी केली, पण प्रत्येक आकड्याचा अर्थ हिने सांगितला, आणि अर्थाशिवाय आकडा काय कामाचा, म्हणून तो जसाच्या तसा रजिस्टरात लिहिला:

शून्य: काही नाही. एक: शेजारच्या घरात तान्हं बाळ आहे. दोन: बाळ आपल्या घरात आहे. तीन: बाळाला सकाळपासून बदललेलं नाही. चार: स्टेशनवरची मुतारी. पाच: डोळे.

जुन्या ढिगातली राख दिली. झाकण उघडून हिने चेहरा फिरवला आणि हाताने पाच बोटं दाखवली. आजची ताजी राख दिली. पुन्हा हुंगली. विचार केला.

“एक. पण बाळ पुढच्या गल्लीत आहे.”

मी ‘पाऊण’ लिहिलं.

११ एप्रिल

ही रोज माझ्याबरोबर येते आणि अकराला राख हुंगते. बसमध्ये खिडकीशी ती बसते, शेजारी मी. पंधरा दिवसांत एकदाच दोन आला. त्या दिवशी कोळसा ओला होता, आग मंदावली होती आणि पाटीवर आठशे ऐंशी होतं. मी फवारा कमी केला, दुसऱ्या फेरीला पुन्हा एक. हिच्या नाकाचा आकडा आणि माझ्या पाटीचा आकडा एकमेकांशी जुळतात. मी चोरून पडताळून पाहिलं: तीच राख दोन वेगळ्या बाटल्यांत दिली. दोन्हीला एक म्हणाली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा म्हणाली, पुरे झाली परीक्षा, मला घरी कामं आहेत.

मेहुणे आले. मी चहाच्या आधीच त्यांची माफी मागितली, म्हणजे वळसा नको. ते एवढे गडबडले की उलट माझीच माफी मागू लागले. बहिणीने झाकण उघडून बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. उद्यापासून गाडी येणार. जुना ढीग मालकांनी मोकळ्या माळावर पसरायला काढलाय. पाऊसपाण्याने, उन्हाने जाईल हळूहळू. वास येणारी ती खोली मी आतून स्वतः गिलावा करून देणार आहे, दोन हातांचा, वर ऑइलपेंट.

२९ एप्रिल

तपासनीस बाई आल्या. मशीनचा रूळ परवाच बसला, त्यामुळे आग पूर्ण, वरची रांग चालू, तापमान नऊशे पंचावन्न. ऑक्साइडं दोनशे अडुसष्ट. मी श्वास सोडायच्या आत त्यांनी पेटीतून काचेची बारीक नळी काढली. अमोनियाची, रंग बदलणारी. मला वाटलं होतं, त्या अमोनिया मोजतच नसतील. नळी धुरात धरली. सगळे तिच्याकडे बघत राहिलो. रंग खालच्या पहिल्या रेघेपर्यंतही चढला नाही.

बाईंनी विचारलं, हे रोज कसं सांभाळता? यंत्र तर दिसत नाही. मी रजिस्टर दिलं. त्यांनी मोजपट्टी वाचली, पहिल्यांदा सरळ चेहऱ्याने, मग तिसऱ्या ओळीला थांबल्या. “हे हुंगतं कोण?”

ही अण्णांच्या पेटीवरून उठून उभी राहिली. बाईंनी आणखी एक बाटली बनवायला सांगितली, दोघींनी आळीपाळीने हुंगली. दोघी म्हणाल्या, एक. बाईंनी शेऱ्यात काय लिहिलं ते मी उलट बाजूने वाचलं: ‘पद्धत साधी, नोंद चोख.’ मालकांनी सही केली. बॉयलर चालू राहणार.

घरी येताना ही बसमध्ये माझ्या खांद्याला टेकून झोपली. सगळ्यांसमोर.

१४ मे

टायवाला आला. या वेळी मालकांकडे नाही, माझ्याकडे, घरी. जिना चढून आला आणि पायऱ्या छान आहेत म्हणाला, म्हणजे माणूस अगदीच वाईट नाही. त्यांच्या कंपनीला माझे फवारे आणि दोन रांगांची मांडणी हवी आहे. मीही हवा आहे: मोठ्या शहरात, त्यांच्या कचेरीत, गिरण्यागिरण्यांतून फिरून बसवून द्यायचं. कार्डावर ‘सल्लागार’.

मी विचारलं, राख कोण हुंगणार? तो हसला. त्यासाठी आमच्याकडे यंत्र आहे, म्हणाला, आणि मॅडमची पद्धत आम्ही आमच्या माहितीपुस्तिकेत घालणार नाही, ती जरा बरी दिसत नाही. मी विचारलं, दोघांना नेता का? पद मॅडमसाठी तसं काही नाही, म्हणाला.

मी हिला विचारलं. “जायचं तर जा, मला काय त्याचं,” म्हणाली, आणि ओट्यावर आधीच पुसलेली जागा पुन्हा पुसू लागली. दुपारपासून मात्र तीनदा विचारलं की उत्तर पाठवलं का.

पाठवलं. कारणं तांत्रिक लिहिली: प्रत्येक बॉयलर वेगळा असतो, मांडणी नकाशावरून होत नाही, जागेवर राहून करावी लागते. खोटं त्यात काही नाही. फवाऱ्याची मापं त्यांना फुकट दिली, सव्वा मिलिमीटर, सहा भोकं. धूर कुणाचाही स्वच्छ होवो. उद्या अकराला बाटली तयार ठेवायची आहे, चुना संपत आला आहे.

नोंदीसाठी: नाकारलेला प्रस्ताव, नोकरी तीन वर्षांची, राहायला जागा एकट्यापुरती, पगार दरमहा एक लाख पासष्ट हजार.